चपलांची रांग

बाई पोरांचं तोंड मागनं बगायच्या, आधी चपला बगायच्या. सकाळी फाट्यावर एसटीतनं उतरून चालत यायच्या आनि खांद्यावरची पिशवी काढायच्या आधी ओटीवर उभ्या ऱ्हायच्या. पोरांच्या चपला भिंतीला लावून एका रांगेत पायजेत, हा त्यांचा नेम. रांगेवरनं नजर फिरवली का बोलायच्या, "काळूचा बंद तुटलाय, तार घातलीय. मावशी, त्याच्या पायाला लागलं असेल, बघा जरा." नायतर, "सुनीता आज बापाच्या चपला घालून आली. म्हणजे बाप घरीच आहे, कामाला गेला नाही." स्वताची चपल रांगेच्या शेवटाला काढायच्या, मंगच वर्गात.

मावशी म्हंजे मी. शाळेत खिचडी शिजवायची. धनी गेला तवा पोरगा कडेवर व्हता. दुसऱ्याच्या शेतात लावनी केली, रस्त्याच्या कामावर माती उचलली, मंग हे काम भेटलं. चूल शाळेच्या मागल्या पडवीत. वर्गातलं समदं तिथं ऐकू यायचं. मी दुसरीतनं सुटलेली, पुढचं जे काय शिकले ते धुरात बसून.

बाईंची दुसरी सवय बातम्यांची. प्रार्थना झाली का पोरांनी उठून बातमी सांगायची. पेपरातली चालायची नाय. "मुंबईची बातमी सांगायला पुष्कळ जण आहेत. आपल्या वाडीची कोण सांगणार?" मंग पोरं सांगायची. आमची म्हस व्याली. आज्याला शहापूरला दवाखान्यात नेला. आमची कोंबडी मुंगसानं नेली. बातमी झाली का समद्यांनी टाळी वाजवायची. मी एकदा बोलले, "बाई, दुखन्याला कशाला टाळी?" तर बोलल्या, "टाळी दुखण्याला नाही, मावशी. सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, त्याला."

पन रांग लहान व्हत चालली. एकेक घर वाशिंदला जायला लागलं. तिथं कंपनीत काम, ऱ्हायला बिल्डिंग, पोरांना इंग्लिश शाळा. बाई बोलल्या, "पट कमी झाला तर शाळा बंद करतील, मावशी." शाळा सुटली का घराघरात फिरायच्या, पोर काढू नका म्हनून. सुनीताचा बाप तोंडावर बोलला, "त्या शाळेची सहल जाते बाई, मुंबईला. आमची पोरं कवा फाट्याच्या पल्याड गेलीत?"

"नेते की," बाई बोलल्या. आनि खरंच नेली. मुंबईचं म्युझियम दाखवायला. मलाबी संगती घेतली, पोरींना बगायला कोनतरी बाईमानूस पायजे म्हनून.

ती केवढी दगडी इमारत, पुढं पायऱ्या. बाई तिकिटाच्या खिडकीवर व्हत्या. पोरांनी पायरीपाशी चपला काढल्या आनि रांग लावली, शाळेतल्यासारखी. मीबी काढली. वाचमन धावत आला. "अरे, मंदिर नहीं है ये! चप्पल पहनो!" दुसऱ्या कुठल्या शाळेची बुटवाली पोरं फिदीफिदी हसायला लागली. बाई आल्या, रांग बगितली, पोरांची तोंडं बगितली. वाचमनला इचारलं, "आत देव आहेत ना?"

"हैं. पर टूटेफूटे हैं."

"मग राहू द्या," बोलल्या, आनि स्वताची चपल शेवटाला काढली.

आतली फरशी गारेगार. माझे गुडघे लागले बोलायला. एका राजाच्या मूर्तीला नाक नव्हतं. काळू बोलला, "बाई, यो आमच्या चुलत्यासारखा दिसतो, दारू पिऊन पडला तवापासून." बाई हसल्या त्या थांबेचनात. मंग पान्याच्या नळावर तोच काळू त्या बुटवाल्या पोरांना बोलला, "प्या रे, प्या. आमच्या भातसा धरणाचंच पानी हाय."

भायेर आलो तर झाडूवालीनं चपला लोटून कोपऱ्यात ढीग केलेला. पोरं ढिगाशी झोंबायला लागली. बाईंनी समद्यांना मागं सारलं आनि पायरीवर बसल्या. एकेक चपल उचलायची, जोड लावायचा, ज्याचा त्याच्या पायाशी ठेवायचा. कुनाला इचारलं नाय. माझीबी ठेवली. माझ्या पायाशी चपल कुनी ठेवली नव्हती कधी.

येताना पोरं गाडीत गात व्हती. बाई खिडकीला डोकं टेकून बोलल्या, "आता टिकतील ना हो, मावशी?" मी हो बोलले.

नाय टिकली. दिवाळीनंतर सुनीताचं घर गेलं. माझी नात पिंकीबी ह्याच शाळेत. मंग माझाच पोरगा बोलला, "आये, आमी पिंकीला घेऊन वाशिंदला चाललो."

"बाईंना पट लागतो रे."

"मंग पट भरायला पोर ठेवू का? हितं हाय काय? एक बाई आनि एक खोली."

त्याचं काय चुकलं? सकाळी पिंकी बातम्यांना उठली. "आमी वाशिंदला ऱ्हायला चाललो." पोरांनी सवयीनं टाळी वाजवली. बाईंनीबी वाजवली. दुपारी मी चुलीशी रडत व्हते तर येऊन पाटावर बसल्या. "जाऊ दे तिला, मावशी. माझा मुलगापण कल्याणला इंग्लिश शाळेतच शिकला. कुठल्या तोंडाने अडवू?" मंग खिचडी मागून घेतली आनि खाल्ली.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वरनं कळलं. उरलेली पोरं सापगावच्या बाजूच्या शाळेत, बाईंची बदली लांब मुरबाडच्या डोंगराकडं. शेवटच्या दिवशी प्रार्थना झाली आनि बाईच बातमीला उभ्या ऱ्हायल्या. "आपली शाळा आजपासून बंद होते आहे." कुनी हलंना. काळू खाली बगत बसला. बाई थांबल्या. मंग बोलल्या, "बातमी सांगितली ना मी?"

मी पडवीतनं आत आले. हाताला राख व्हती. तशाच हातानं मी पयली टाळी वाजवली, मागनं पोरांनी वाजवली.

पोरं चपला घालून गेली. ओटीवर एकच जोड उरला, बाईंचा, तोबी शेवटाला, जशी पुढं रांग हायच. मी वाकले, तो जोड उचलला आनि त्यांच्या पायाशी ठेवला. बाई बोलल्या, "अहो मावशी, गुडघे." चपल घातली आनि फाट्याकडं चालत गेल्या.