तोंड पुसलं, डबा राहिला

आयुष्यात एकदाच मी चित्रातलं माझं तोंड पुसायला लावलं, आणि काखेतला डबा पुसायला सांगायचं विसरले. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, लालबागच्या चाळीत नुकतीच सून म्हणून आलेली, आणि स्वतःला भारी हुशार समजणारी.

चित्र शेजारच्या पेंटरचं. हा दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात दारात बसून माणसं काढायचा. खोलीला खिडकी नव्हती, जो काय उजेड यायचा तो दारातून. त्यामुळे समोर कुणीही उभं राहो, मान वर न करता ब्रशचा दांडा हलवायचा आणि म्हणायचा, "उजेड सोड." आरतीचं ताट घेऊन गेलेल्या माझ्या सासूबाईंनाही त्याने हेच ऐकवलं होतं. तुम्हीच सांगा, असल्या माणसाशी कोण गोड बोलेल?

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. परळला मोर्चा निघायचा होता. सासूबाईंचा विरोध मोर्चाला नव्हता, सुनेने त्यात जाण्याला होता. मी दळण आणते म्हणून निघाले आणि डबा काखेत घेऊनच चाळीतल्या बायकांच्या पुढे झाले. जिन्यातच घोषणा अशी दिली की डोक्यावरचा पदर कुठे गेला ते कळलं नाही. घसा बसला. घरी सांगितलं, पीठ घशात गेलं.

काही दिवसांनी पेंटरने गॅलरीत भिंतीशी वाळत ठेवलेलं चित्र मी पाहिलं आणि तशीच त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. जिना उतरणाऱ्या बायका, सगळ्यांत पुढे मी, तोंड हे एवढं उघडं. आणि सासूबाई नळावर, आता येतील की मग येतील.

"हे पुसा," मी म्हटलं.

"उजेड सोड."

"पुसा, नाहीतर चाळीला सांगते, तुम्ही बायकांकडे टक लावून बघता."

त्याने ब्रश खाली ठेवला. "बघतोच. बघितल्याशिवाय काढू कसं?"

हेच उत्तर नळावर पोचलं तर आपलं काय होईल, हे त्यालाही कळत होतं. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन त्याने माझ्या तोंडावरून असा फिरवला, की मी नकळत स्वतःच्या गालाला हात लावला.

जिंकले म्हणून गप्प बसले का? छे. नळावर बोललेच. बायका त्याच्या दारावरून पदर ओढून जाऊ लागल्या, पुरुष खाकरू लागले. मसालेवाल्याने पाटी दुसऱ्याकडे दिली. चाळीच्या गणपतीचा देखावा दरवर्षी पेंटर करायचा, तोही काढून घेतला. तो मग मी दिसले की दार लावायचा. अंधारात बसेन, पण हिला उजेड अडवू देणार नाही, असा हट्ट. मी मुद्दाम त्याच्या दारासमोर लुगडी वाळत घालायचे. इतक्या निष्ठेने मी पुढे नवऱ्याशीसुद्धा भांडले नाही.

महाराष्ट्र झाला. माझी मुलं शाळेत जाऊ लागली, पेंटरचे केस पांढरे झाले. एक दिवस कुठल्याशा दुकानाची पाटी पाहून एक गोरी बाई दुभाष्याला घेऊन चाळीत आली. तिलाही "उजेड सोड" मिळालंच. दुभाष्याने भाषांतर केलं नाही, पण ती आपणहून बाजूला झाली. जाताना चित्रं घेऊन गेली.

पुढे पेपरात चित्रासकट आलं, आमच्या पेंटरला पॅरिसला बक्षीस. चित्र तेच, मोर्चाला निघालेल्या बायकांचं. चेहरा पुसलेली ती बाई तिकडच्या लोकांना फार आवडली होती. चाळभर पेपर फिरला. सासूबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला.

"डबा आपलाच दिसतो," त्या म्हणाल्या. डबा पोचे पडलेला, कडीच्या जागी सुतळी. ती सुतळी त्यांनीच बांधलेली. मग पेपरावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पीठ घशात गेलं होतं ना गो तुझ्या?"

त्या संध्याकाळी सगळी चाळ हार घेऊन पेंटरच्या दारात. खाकरणारे सगळ्यांत पुढे. त्याने हार खुंटीला अडकवला आणि सगळ्यांना उजेड सोडायला लावला.

आज पेंटर नाही. त्याच्या खोलीत कुणीतरी ट्यूबलाइट लावून राहतं. चित्र परक्या देशात एका संग्रहालयाच्या भिंतीवर आहे. आम्हा कुणाला ते पुन्हा दिसलं नाही.

पण त्या संध्याकाळी लोक पांगल्यावर मी पेपर घेऊन त्याच्या दारात उभी राहिले होते. निर्लज्जासारखी म्हटलं, आता लोकांना सांगा ना ती मीच म्हणून, आणि माझं तोंड परत काढा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मान वर करून मला नीट न्याहाळलं.

"तोंड पुसलं गो तुझं. आवाज काय पुसता आला नाय. त्यालाच बक्षीस दिलंय त्यांनी. आता उजेड सोड."