शिट्टीवर उतरणारी माकडं

माझे सासरे, आमचे बाबा, हैदराबादला नारायणगुड्याच्या एका शाळेत पीटीचे सर होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण जित्याची खोड जात नाही. घरात कुणी जेवायला उशीर केला तर अजून टाळ्या वाजवून बोलावतात. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना शहराच्या टोकाला, आमच्या फ्लॅटवर आणलं. मी पुण्याची. त्यांचं ‘हौ’ आणि ‘नक्को’ ऐकून सुरुवातीला मी हसायची. आता तेच माझ्या तोंडात बसलंय आणि माहेरी गेले की बहीण मला हसते.

आमच्या इमारतीसमोर मोठा रस्ता आहे. पलीकडे राखीव जंगल. अलीकडे, आमच्या कुंपणाला लागून, चिंचेची झाडं आणि एक तळं. जंगलातली लाल तोंडाची माकडं सकाळी पाण्यासाठी इकडे येतात, दुपारभर चिंचेवर बसतात आणि ऊन कलताना परत जातात. रस्ता नव्हता तेव्हापासून त्यांचं हे चालत असणार. मग रस्ता रुंद झाला, गाड्या सुसाट सुटल्या, आणि एका सकाळी दूध घेऊन येताना बाबांच्या डोळ्यांदेखत एक पिल्लू गेलं. त्याची आई, फाटक्या कानाची माकडीण, ते मेलेलं पिल्लू छातीशी धरून दिवसभर आमच्या कुंपणावर बसली होती. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून शाळेतली शिट्टी काढली आणि एक लाल फडकं घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. माकडं पलीकडे जंगलाच्या भिंतीवर जमली की एक लांब शिट्टी मारायची, फडकं हलवायचं, हात आडवा करून गाड्या थांबवायच्या. संध्याकाळी परत तेच. पिकल्या केसांचा, ताठ पाठीचा माणूस बघून लोक थांबतसुद्धा. माझा नवरा म्हणाला, बाबांना नवा वर्ग मिळाला. गतिरोधकासाठी आम्ही खेटे घातले, ‘होईल’ असं ऐकून परत आलो. शिट्टी मात्र रोजची झाली.

वर्षभरानं फाटक्या कानाच्या माकडिणीला दुसरं पिल्लू झालं. पोटाला चिकटलेलं, सुरकुतलेल्या तोंडाचं. टोळीत सगळ्यात आधी तीच रस्त्यावर उतरायची. “हे जगलं पाहिजे,” बाबा म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी तापातसुद्धा कधी खाडा केला नाही.

एक गोष्ट मला खटकली. माकडं आता रस्ता मोकळा असला तरी उतरत नसत. भिंतीवर बसून राहत, शिट्टी झाली की उतरत. बाबांना याचं कोण कौतुक. आमच्या शाळेतल्या पोरांपेक्षा शिस्त आहे, म्हणायचे. मी म्हटलं, ती गाड्या बघतच नाहीत हो आता. त्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

मग शेजारची नवी इमारत राहती झाली. तिथला वॉचमन तळघरातून गाड्या बाहेर काढताना शिट्टी वाजवायचा. एका दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, बाबा आत झोपले होते. वॉचमननं शिट्टी मारली आणि चिंचेवरची अख्खी टोळी उतरली. रमतगमत, रस्त्यावर, भर रहदारीत. ब्रेक कर्कश्श वाजले. एक टॅक्सी वाकडी होऊन थांबली. फाटक्या कानाची माकडीण पिल्लासकट दुभाजकावर चढली आणि तिथून मागे वळून बघू लागली. कुणाला शोधत होती ते मला कळलं. हातातली ओली चादर खाली पडली तरी मला भान नव्हतं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, तुला भास झाला. दुसऱ्या दुपारी ते स्वतः बाल्कनीत बसले आणि त्यांनी तेच बघितलं.

“मी शिट्टी गाड्यांसाठी वाजवत होतो,” ते म्हणाले. “माकडांनी ती आपल्यासाठीच आहे असं धरलं.”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण माझ्या जिभेवर आली होती. त्यांचा चेहरा बघून मी ती गिळली.

वॉचमन भला माणूस. त्यानं काही दिवस नुसते हात हलवून गाड्या काढल्या. मग कुणाच्या तरी नव्या गाडीला ओरखडा गेला, त्याला बोलणी बसली आणि शिट्टी पुन्हा सुरू झाली. “नौकरी का सवाल है, साब,” तो बाबांना म्हणाला.

राहिला एकच मार्ग. शिट्टीची सवय लावली, तशी आता तिची भीती घालायची. संक्रांतीला अर्धं हैदराबाद गावी जातं, रस्ते ओस पडतात. तेवढ्यात उरकायचं ठरलं. बाबांनी दिवाळीच्या उरलेल्या लवंगी माळा माझ्या हातात दिल्या. मी म्हटलं, शिट्टी मी वाजवते, तुम्ही घरात थांबा. “नक्को,” ते म्हणाले. “माझ्याच हातून होऊ दे.”

बाबांनी शिट्टी मारली. फाटक्या कानाची नेहमीसारखी पुढे आली, निवांत, पिल्लू पोटाशी. मी माळ पेटवून तिच्यासमोर फेकली. बाबा शिट्टी वाजवत रस्त्यावर काठी आपटत राहिले. टोळी किंचाळत झाडांवर पळाली. ती मात्र भिंतीवर थांबून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. सण संपेपर्यंत आम्ही हे रोज केलं. बाबा घरी येऊन तोंड धुवायचे, आणि बराच वेळ धुवायचे.

उपाय लागू पडला. वॉचमनची शिट्टी झाली की माकडं आता शेंड्यावर चढतात. मी हुश्श केलं, तिळाच्या वड्यासुद्धा केल्या.

सुट्ट्या संपल्या, रस्ता पुन्हा वाहू लागला. बाबा शिट्टीशिवाय, नुसतं फडकं घेऊन उभे राहिले. माकडं त्यांना बघून मागे फिरली. ते घरात येईपर्यंत दडून राहिली, आणि ते जिन्यात असताना एकदम, जीव मुठीत धरून, गाड्यांमधून पळाली. दोन-तीन दिवस असंच झालं. मग बाबांनी खाली जाणं सोडलं. माकडांच्या वेळेला ते आतल्या खोलीत खिडकी लावून बसतात. मी बाल्कनीतून बघायचं आणि त्यांना सांगायचं.

काल सकाळी टोळी उतरली. फाटक्या कानाची पुढे होती. पिल्लू आता पाठीवर बसतं. अर्ध्या रस्त्यात तिनं मान वर केली आणि तिला बाल्कनीत मी दिसले. ती जागच्या जागी थांबली. पाण्याचा टँकर वळणावर आला होता. मी तिला दिसू नये म्हणून पटकन खाली बसले, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन. तिथून रस्ता दिसत नाही. टँकरचा हॉर्न ऐकू आला, मग ब्रेक, मग बाकीच्या गाड्यांचे हॉर्न.

“गेली का गं सगळी?” बाबांनी आतून विचारलं.

उठून बघायची माझी छाती झाली नाही.

“हौ बाबा,” मी म्हटलं. “गेली.”