ऐनवेळी मी डावा पाय पुढे केला

यंदा पवित्र गुरुवारी माझी चांगलीच फजिती झाली. आता हसू येतंय म्हणून लिहितोय... त्या दिवशी मात्र हातपाय गार पडले होते.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. येशूने आपल्या शिष्यांचे धुतले होते, त्याची आठवण. उजवा पाय पुढे करायचा, अशी आमच्याकडची रीत.

आणि माझा उजवा पायच तर पोलिओचा. लहानपणापासून कॅलिपरच्या लोखंडी सळ्या आणि बुटात बंद. आई आणि डॉक्टर सोडले तर तो कुणी उघडा पाहिलेला नाही.

एकदा लग्नाची बोलणी चालू असताना मुलीच्या मामाने सगळ्यांदेखत सांगितलं, पाय जरा दाखव बघू. मी उठून आत गेलो. स्थळ गेलं त्याचं एवढं नाही, पण तेव्हापासून मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा मी घरात फुल पँट घालून बसतो.

फादर आमच्याकडे नवीन. त्यांनी आदल्या रविवारी बारा नावं वाचली, त्यात माझं! नको म्हणायला तोंड उघडलं, तर शेजारी आईचे डोळे भरून आलेले... गप्प बसलो.

आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. कॅलिपरचे पट्टे सोडायला वेळ लागतो, तेवढा वेळ अख्खी इगर्ज माझ्याकडे बघत बसणार. आणि मग तो पाय दिसणार... मुलं बघणार, मुलांच्या आया त्यांना बघू नको म्हणणार. हे सगळं मला झोपेतसुद्धा दिसायचं.

आईचं वेगळंच चाललं होतं. फादर पाय धुणार म्हणून आमच्याकडे लोक आधी घरीच पाय घासूनपुसून, लख्ख करून जातात. आईने तर रोज माझा उजवा पाय कोमट पाण्यात धुतला, खोबरेल चोळलं, नखं कापली. नवऱ्या मुलाची तयारी म्हणा ना.

गुरुवारी दुपारी मी डोंगरात, काजूच्या बागेत होतो. आमच्या कोरगावात त्या दिवसांत काजूची बोंडं पडायची थांबत नाहीत, सण असो की सुतक. मी बसून बोंडांच्या बिया वेगळ्या करतो, तेवढं मला जमतं. परतायला उशीर झाला.

आईने उजवा पाय पुन्हा एकदा धुवून दिला. बाहेर रघू हॉर्न वाजवत होता. मी तोंडावर पाणी मारलं, शर्ट बदलला आणि डाव्या पायावर तसाच मोजा चढवला. डावा कोण बघतोय?

रघू आमच्या गावचा पायलट. मोटरसायकलवर मागे बसवून भाडं नेणाऱ्याला गोव्यात पायलटच म्हणतात. वाटेत म्हणाला, "आमगेर जांवयाचे पाय धुतात. तुका बायल नासताना मान मेळता रे!" बायको नसताना जावयाचा मान मिळतोय, म्हणजे. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी नुसता कॅलिपर चाचपत होतो.

बाकावर आम्ही बारा जण ओळीने बसलो. सगळ्यांचे उजवे बूट निघाले. फादर एकेकासमोर गुडघे टेकत जवळ यायला लागले. मी पट्ट्याला हात घातला, तर बकल काही सुटेना.

देवा, लाइट तरी जाऊ दे, म्हटलं. एरवी कारण नसताना जाणारी लाइट त्या दिवशी जागची हलली नाही.

फादर शेजाऱ्याजवळ पोचले आणि माझा धीरच सुटला. पटकन डावा बूट काढला, मोजा ओढला आणि डावा पाय पुढे केला.

मग खाली बघितलं... लाल माती, काजूच्या रसाचे काळे चिकट डाग, भेगांत भरलेली धूळ. ओळीतले बाकीचे पाय लग्नाला निघाल्यासारखे, आणि माझा थेट डोंगरातून आलेला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

फादरनी पाणी ओतलं. तांबडं पाणी घळाघळा घंगाळात उतरलं. त्यांनी पाय बघितला, हळूच विचारलं, "काजूंत आशिल्लो?" काजूतच होतो, मी मान हलवली.

त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. अंगठ्याने टाच चोळली, बोटांच्या बेचक्या धुतल्या. पांढरा टॉवेल खराब झाला. मग मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाले, "आज खरोच पाय धुवपाक मेळ्ळो." आज खराखुरा पाय धुवायला मिळाला, म्हणजे.

हसावं की रडावं कळेना. थोडं थोडं दोन्ही झालं असावं...

घरी आल्यावर आईने विचारलं, असं का केलंस? मी खरं ते सांगितलं. "सायबा भोगोस," एवढंच म्हणाली. देवा माफ कर, म्हणजे. मला वाटलं, आता ओरडणार.

पण ती खाली बसली आणि डावा पाय मांडीवर घेतला. सुजलेला घोटा, वाकडा अंगठा, घट्टे. सगळा भार आयुष्यभर त्यानेच ओढलाय. "इतको दुखता तर सांगूंक नाका?" म्हणाली. काय सांगणार? दुखणारा पाय म्हणून मी त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

उजवा पाय दाखवायचं धाडस मला झालं नाही, ते नाहीच. पुढच्या वर्षी होईल असंही वाटत नाही.

परवा म्हापशाच्या सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे मेरीमातेच्या जत्रेला गेलो. दुखऱ्या अवयवासाठी तिथे मेणाचा अवयव वाहतात, बाहेर स्टॉलवर मिळतो. माझ्यासाठी आई दरवर्षी एक पाय घेते. यंदा तिने दोन घेतले.

स्टॉलवालीने माझ्याकडे बघत काळजीने विचारलं, दुसरा पण गेला काय? "ना गे," आई म्हणाली. "एक मागपाक. आनी एक देव बरें करूं म्हणपाक."

'देव बरें करूं' म्हणजे आमच्याकडचं थँक्यू. माझ्या डाव्या पायाला ते आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.