गोळी न घेता ठाण्याला

पार्किन्सन्सचं निदान होऊन तीन-चार वर्षं झाली होती. ठाण्याच्या माझ्या डॉक्टरांनी विचारलं, "एका नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय. याल?" मी लगेच हो म्हटलं. घरी आल्यावर सुनेला समजावलं : काहींना खरी गोळी, काहींना औषध नसलेली. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

"आणि तुम्हाला बिनऔषधाची मिळाली तर?"

"ताडून बघायला तशीही माणसं लागतातच ना!"

अवघड एवढंच होतं, की तपासणीच्या सकाळी नेहमीची गोळी घ्यायची नाही. औषध अंगात नसताना आजार किती आहे, ते त्यांना बघायचं असतं. पहिल्याच वेळी कळव्याच्या आमच्या घरातून निघाले आणि लिफ्टच्या दारात पाय जमिनीला चिकटले. आत शेजारी बटण दाबून उभे, आणि मी जागच्या जागी थरथरतेय. सून पर्समधून डबी काढायला लागली.

"आई, घ्या ती गोळी. राहू दे ती चाचणी."

"नाही घेणार. थांब जरा."

तिने डबी परत टाकली आणि माझ्या पावलांपुढे स्वतःचा पाय आडवा ठेवला. ओलांडायला समोर काही असलं की अडकलेलं पाऊल सुटतं, हे आम्हाला फिजिओथेरपीत शिकवलं होतं.

"ओलांडा."

"अगं, माणसाचा पाय कसा ओलांडू?"

"माझी उंची आता थोडीच वाढायचीय? ओलांडा!"

मला हसू फुटलं आणि पाऊल उचललं गेलं.

हॉस्पिटलमध्ये अंगठ्यावर बोट भराभर आपटून दाखवलं. हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं, ते काही जमेना. डॉक्टर म्हणाले, "पुरे, दमलात." मी म्हटलं, "अजून एकदा." उठले.

वर्षभर अशीच जात राहिले. मग एक दिवस डॉक्टरांचा फोन आला. नव्या औषधाने कोणालाच फरक पडला नव्हता, आणि मला मिळत होती ती खरीच गोळी होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी मीच फोन केला. "दुसरं काही सुरू होणार असेल तर माझं नाव घाला."

आता हाताची थरथर कमी करणारा एक मनगटी पट्टा ते तपासतायत. तो फार टोचतो, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.