तेलपाणी बघा म्हटलं होतं

दिवाळीचे पाहुणे गेले आणि मला घरात बसवेना. हे दरवर्षीचं आहे. माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी आई म्हणायची, आणि नवरा सुहास तेच जरा वेगळ्या सुरात म्हणतो. या वेळी मी सासूबाईंना विचारलं, "केशोरीला जायचं का, मावशींकडे? मी गाडी चालवते." सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांची धाकटी बहीण गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीला असते आणि दोघींची भेट होऊन बरीच वर्षं झाली होती. आईंनी सरळ पिशवी भरायला घेतली.

अडचण होती सुहासची. गाडी शिकून मला तीन वर्षं झाली, पण नागपूरच्या बाहेर एकटीने न्यायची नाही हा त्याचा नियम. नियम म्हणजे काय, काळजी, असं तो म्हणतो. शेवटी "या वेळी बघू" एवढ्यावर मिटलं. म्हणजे ही सहल माझी परीक्षा होती. नीट जाऊन नीट आले तर पुढचे रस्ते मोकळे, नाहीतर आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून आरसा बघायचा.

भंडाऱ्यापर्यंत रस्ता उत्तम आहे, पुढे तुमसर-तिरोड्याकडून गोंदिया. कापणी सुरू होती, त्यामुळे धानाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर भरपूर. घाई असेल तर या दिवसांत हा रस्ता घेऊ नका, आणि मला नेहमीच घाई असते. तिरोड्यानंतर ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून किरकिर यायला लागली. आईंना ऐकू येत नव्हती, मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

गोंदियात स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ, पाणी गरम, भिंती पातळ. सकाळी लॉजवाल्याला विचारून कुडव्याच्या बाजूचं एक गॅरेज गाठलं. बाहेर दोन ट्रॅक्टर, एक धान कापायचं मशीन आणि डिझेलच्या कॅनची रांग. मालक रामेश्वरभाऊ, पन्नाशीचे, आवाज मोठा. गाडीतून मी उतरले तरी ते माझ्या मागे बघत होते.

"साहेब कोटी आहेत?"

"साहेब नागपूरला. गाडी मी चालवते. ब्रेक वाजतोय, तेवढं बघा. लांब जायचंय, तेलपाणीही बघून घ्या."

हे वाक्य माझ्या वडिलांचं. साताऱ्याला त्यांची जुनी गाडी होती, आणि कुठेही निघायच्या आधी ते मेकॅनिकला "तेलपाणी बघ रे" म्हणायचे. म्हणजे इंजिनातलं ऑइल आणि रेडिएटरमधलं पाणी. मराठीत याहून सोपं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही समोरच्या टपरीवर पोहे खाल्ले. तर्री तिखट आहे, आधी चाखून मग ओतून घ्या. परत आलो तर गाडी तयार. "ब्रेक साफ केला, मॅडम. पानी ठीक आहे, तेल टाकून देलं," रामेश्वरभाऊ म्हणाले. मी हिशोब न विचारता मागितले तेवढे पैसे दिले, आभार मानले आणि निघाले. पेट्रोल गोरेगावला भरायचं ठरवलं होतं, तोवर पुरेल एवढं होतं.

ब्रेकचा आवाज खरंच गेला होता. मी खुशीत होते. गाव मागे पडलं आणि थोड्याच वेळात गाडी खोकायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर नाही, नुसते हिसके. आरशात पाहिलं तर मागे पांढरा धूर. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

आई खाली उतरल्या, मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि पदर नाकाला लावला. नागपुरात आईंचं बोलणं अगदी पुस्तकी असतं. या भागातून लग्न होऊन तिथे आल्यावर त्यांच्या बोलण्याला सगळे हसले होते, तेव्हापासून. इथे मात्र त्या म्हणाल्या, "हा तं डिझलचा वास येऊन राहिला. आमच्या घरी शेतात पान्याची मोटार लावली का असाच वास ये."

माझी गाडी पेट्रोलची. मी आत डोकावून चावी फिरवली आणि काटा पाहिला. अर्ध्याच्या वर. आणि मी तर कुठेच काही भरलं नव्हतं.

नेमका तेव्हा सुहासचा फोन आला. न घेऊन कसं चालेल? मी जे झालं ते सांगितलं. मग तो म्हणाला, "पंपावर तू काय सांगितलंस नक्की?"

"मी पंपावर गेलेच नाही."

"अगं, गाडीत डिझेल आपोआप येतं का? असू दे. घाबरू नकोस. मी इथून ड्रायव्हर पाठवतो, तो तुम्हाला घेऊन येईल."

ड्रायव्हर. तो ड्रायव्हर आला असता तर केशोरी राहिली असती, आणि त्यानंतरचं सगळंच. मी म्हटलं, "थांब जरा, गॅरेजवाल्याला बोलावलंय," आणि मग खरंच रामेश्वरभाऊंना फोन लावला.

ते मोटरसायकलवर आले. तोपर्यंत मी रस्त्याच्या कडेने इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की धान बांधणाऱ्या बायका काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. रामेश्वरभाऊंनी टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मॅडम, तुमीच तं म्हनलं तेल पाहा म्हून. काटा खाली होता, म्हून मी तेल टाकलं. आमच्याकडं तेल म्हनजे डिझलच. इंजनातल्याले आमी आइल म्हनतो."

"बघा म्हटलं होतं. टाका नाही. आणि पेट्रोलच्या गाडीत?"

"याच गाडीचं डिझल मॉडेल पन येते ना. कालच एक आली होती."

"झाकणावर लिहिलेलं नसतं का?"

"स्टीकर घासून गेलं आहे, पाहा."

खरंच घासलं होतं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला. हा माणूस आता सुहासलाही हेच सांगणार, मॅडमनेच सांगितलं. आणि ते अर्धं खरंही असणार. वडिलांचं वाक्य माझ्यावर असं उलटेल असं कधी वाटलं नव्हतं.

आई पुढे आल्या. "बाबू, स्टीकर घासलं होतं तं इचारता नाही आलं? आमी समोरच पोहे खाऊन राहिलो होतो. तुले वाटलं, बाईले काय समजते गाडीतलं. म्हून नाही इचारलं."

रामेश्वरभाऊंनी झाकण हळूच लावलं. हात पुसले. बराच वेळ ते टायरकडे बघत होते. मग म्हणाले, "साहेबाले फोन लावा."

मी लावला, स्पीकरवर. त्यांनी फोन हातात न घेता, दोन्ही हात मागे बांधून सांगितलं, "साहेब, चूक माझी आहे. पेट्रोल गाडीत मी डिझल टाकलं, मॅडमले न इचारता. त्यायनं गाडी लवकर बंद केली म्हून इंजन वाचलं. ड्रायव्हर पाठवू नका. उद्या गाडी करून देतो, सगरा खर्च माझा."

सुहास "बरं, बरं" म्हणाला. ड्रायव्हरचं बारगळलं. मी रामेश्वरभाऊंना धन्यवाद म्हटलं, आणि त्याच दमात मनातल्या मनात शिव्याही दिल्या. दोन्ही खरं होतं.

गाडी परत न्यायला शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर मिळाला. मागे दोरावर आमची गाडी, स्टिअरिंगवर मी. हे काम सोपं नाही. इंजिन बंद म्हणून स्टिअरिंग जड, ब्रेक जड, दोर ढिला पडू द्यायचा नाही. रामेश्वरभाऊ मोटरसायकलवर बाजूने येत होते आणि अधूनमधून ओरडत होते, "अस्सं, मॅडम, अस्सं." कुडव्यापर्यंत सगळ्या दुकानांतून माणसं बघायला बाहेर आली.

टाकी उतरवून धुवायची, फिल्टर आणि प्लग बदलायचे, इंजेक्टर साफ करायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी गॅरेजमध्येच ठाण मांडून बसले, म्हणजे बसले नाहीच, उभी. प्रत्येक गोष्ट विचारली. झाकणाच्या आत रामेश्वरभाऊंनी लाल रंगाने मोठं 'पेट्रोल' लिहून दिलं, अक्षर वाकडं आहे पण दुरून वाचता येतं. तुम्हीही तुमचं झाकण एकदा उघडून बघा. आणि या भागात इंजिनाचं तेल हवं असेल तर ऑइलच म्हणा.

मग केशोरी. गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध, अर्जुनी, असा रस्ता. नवेगावच्या जंगलात गाडी थांबवायचा मोह होतो, पण अंधाराआधी पोचायचं होतं. प्रत्येक चढावर मी इंजिनाचा आवाज ऐकत होते. आई शेजारी बसून बोडी दिसली की दाखवत होत्या. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. या दोन बहिणी लहानपणी असल्याच एका बोडीत पोहायला शिकल्या. मावशी फाटकात उभ्या होत्या. दोघी एकमेकींना धरून रडल्या, मग लगेच भांडल्या, इतकी वर्षं कोण आलं नाही यावरून. जेवायला लाखोरीच्या डाळीची भाजी, नवा भात आणि तलावातले मासे. मी चार वेळा भात घेतला.

परतीचा रस्ता साकोलीवरून घेतला. गाडी एकदाही कुरकुरली नाही.

घरी येऊन आठवडा झाला असेल. शेजारचे दोघे नवरा-बायको जेवायला आले होते. सुहास वाढता वाढता म्हणाला, "आमच्या बाईसाहेबांनी गोंदियात काय केलं माहीत आहे? पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं." सगळे हसले.

"तिनं नाही भरलं," आई म्हणाल्या. "गॅरेजवाल्यानं भरलं. तुले फोनवर सांगतलं ना त्यानं. काऊन खोटं बोलून राहिला?" नागपूरच्या घरात, पाहुण्यांसमोर, मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. पाहुणे भाजीकडे बघायला लागले.

ते गेल्यावर स्वयंपाकघरात मी सुहासला विचारलं, "रामेश्वरभाऊ तुला काय म्हणाले होते?"

"अगं, धंदेवाला माणूस आहे तो," तो हसत म्हणाला, अगदी मायेने. "गिऱ्हाईकाची लाज राखायला बोलतात तसं. तू बाजूला उभी होतीस ना."

मला एकदम ते टायरकडे बघत उभे राहिलेले रामेश्वरभाऊ आठवले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, गावच्या रस्त्यावर, चार बायका बघत असताना 'चूक माझी' म्हणाला, आणि इथे ती माझ्यावरची मेहेरबानी ठरली होती. मी वाद घातला नाही. खुंटीवरची गाडीची चावी काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. आता सुहासला गाडी हवी असली की तो मला विचारतो.