सहा आठवड्यांची अट

दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराला एकच दार आहे आणि ते हॉलमध्ये उघडतं. इतकी वर्षं राहूनही हे मला टोचलं नव्हतं. ज्या दिवशी मी आत अडकलो, त्या दिवशी टोचलं.

हॉलमध्ये मुलीची व्हिडिओवर मुलाखत चालली होती. अमेरिकेतली जुनी निवासी शाळा, नववीचा प्रवेश. पालकांपैकी एकाने शेजारी बसायचं होतं, म्हणून मी बसलो. एसी दुरुस्त करणारा म्हणून दोह्यात आलो, आज जुन्या एसींचं माझं स्वतःचं दुकान आहे. समोरच्याची माहिती काढल्याशिवाय मी सौद्याला बसत नाही. शाळेचा इतिहास मुलीकडून दोनदा वाचून घेतला होता. स्वतः कधी शाळेत न गेलेल्या एका कातड्याच्या व्यापाऱ्याने शेत आणि राहतं घर देऊन ती काढली. मास्तर खाली, अकरा मुलं माळ्यावर. माणूस माझ्यासारखाच वाटला. पण दानपत्रात त्याने अट घातली होती: पहिले सहा आठवडे घरच्यांनी भेटायचं नाही, फक्त पत्र. शाळा ती अजून पाळते. आता त्या बंदीत फोनही आला.

मला तीच मोडायची होती.

"रोज दहा मिनिटं," मी म्हणालो.

मुलाखत घेणारी बाई हसली. "पहिले सहा आठवडे नाही."

"एक दिवसाआड. पाच मिनिटं."

"बाबा, प्लीज!" मुलगी पुटपुटली.

"अट घातली तेव्हा फोनच नव्हता. आणि त्या पहिल्या अकरा मुलांत दोन त्या व्यापाऱ्याचेच पुतणे होते. ते काकाला रोज बघायचे. मग माझ्याच मुलीला नियम का?"

"प्रश्न चांगला आहे," बाई म्हणाली. "नियम तोच आहे."

माझं डोकं तापलं, तरी रीत सोडली नाही. सौदा अडला की पाठ फिरवून चालू लागायचं. इथल्या बाजारात, सूकमध्ये, पाचव्या पावलाला दुकानदार हाक मारतोच. "खलास," म्हणून मी उठलो. चौथ्या पावलाला स्वयंपाकघर आलं.

हाक आली नाही.

"अहो, इथे काय करताय?" बायकोने विचारलं.

"बोलावतील आता."

"त्या बाईला काय माहीत तुम्ही रुसून आलात? तिला वाटलं असेल पाणी प्यायला गेलात."

"मग पाणी दे."

"परत जा ना."

"आता गेलो तर भाव पडला."

दार किलकिलं होतं. बाहेर दोघी चक्क हसत होत्या. मग बाईने विचारलं, सहा आठवडे वडिलांशी न बोलता राहशील?

"मी राहीन," मुलगी इंग्रजीत म्हणाली. "बाबांचं सांगता येत नाही."

बायकोने माझ्याकडे न बघता गॅस बारीक केला.

प्रवेश मिळाला. मुलगी गेली. त्या बाईवरचा माझा राग मात्र गेलेला नाही. उठून गेलेल्या माणसाला एकदा तरी बोलवायचं असतं. सहा आठवडे संपून आता चार दिवस झालेत. मायलेकी रोज बोलतात. त्या वेळी मी स्वयंपाकघरात असतो. हाक आली तर ऐकू यावी म्हणून दार उघडं ठेवतो.

काल फोन स्पीकरवर होता.

"बाबा कुठेत?" मुलीने विचारलं.

"किचनमध्ये. हाक मारू?"

माझीच मुलगी ती.

"नको," ती म्हणाली. "येतील."