बटन सोडायची भीती

माझी लेक डोंगरापल्याड शेतातल्या आखाड्यावर, रानातल्या घरात राहते. तिथं मोबाईलला रेंज नाही. म्हणून नांदेडच्या जुन्या बाजारातून मी दोन वायरलेस सेट आणले. एक तिला दिला, एक घरी ठेवला. दोन्हीकडच्या अँटेना मीच बनवल्या. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं एका वायरमनच्या हाताखाली राबलो, तेवढीच अक्कल.

रोज दिवस मावळताना ती बोलायची. एका संध्याकाळी म्हणाली, "आबा, विहिरीपाशी बिबट्याचे पंजे उमटलेत." जावई ऊसतोडीच्या गाडीवर निलंग्याकडं गेलेला. ती एकटी, सोबतीला म्हैस. सकाळच्या एसटीनं येतो म्हणलं, तर एसटीच आली नाही. चालत निघावं तर गुडघे धड नाहीत. म्हणलं, निदान आवाज तरी ऐकू.

आन् त्याच दुपारी वानरांनी पत्र्यावर उड्या हाणून अँटेनाची नळी वाकवली, शेंडा मोडून नेला.

नळीची लांबी आणि बुडातल्या तारेचे वेढे जुळले, तर सेटची ताकद हवेत जाते. नाही जुळले तर ती केबलीतून माघारी फिरते आणि सेटला तापवते. लई वेळ तापला की सेट जळतो. किती माघारी येतंय ते सेटला जोडलेल्या मीटरचा काटा दाखवतो. लालमध्ये गेला की वाईट.

हे काम दोघांचं. मी पत्र्यावर, बायको खाली मीटरपाशी. तिला वाचता येत नव्हतं, काटा मात्र कळायचा. "लाल! लाल हाय अजून!" म्हणून वरडायची. माणूस नळीजवळ असला की काटा खोटं दाखवतो. ती म्हणायची, "तुम्ही बाजूला झाले की समदं बरं चालतं बघा." दिवाळीच्या आधी ती गेली. आता मीच वर, मीच खाली.

शेंडा मोडला तिथं दुसरा तुकडा जोडला. खाली उतरलो, सेटचं बोलायचं बटन दाबलं. लाल. वर चढून तुकडा थोडा आत सारला. उतरलो. लाल. शिडीवरनं पडलो तर कोण बघणार, हे एक भ्या. अन् दिवस बुडत चालला, हे दुसरं. तारेचा एक वेढा सोडल्यावर काटा लालच्या काठावर आला. तेवढ्यावरच भागवलं.

बटन दाबून हाक मारली. "माय, आबा बोलून राहिलो. कडी लावली का? म्हैस आत घेतली का? कंदील पेटता ठेव गं..."

बटन सोडलं तरच पल्याडचं ऐकू येतं, हे मीच लेकीला शिकवलेलं. पण माझा अंगठा सुटेना. सोडलं आणि नुसती खरखर आली तर? बोलत होतो तोवर ती जिती होती. म्हणून कायबी बोलत राहिलो. वानरांचं सांगितलं, एसटीचं सांगितलं. सेटची पाठ तव्यासारखी तापली. जळका वास यायला लागला. हा जळला तर तिचा आवाज कायमचा गेला, हे कळत होतं. तरी अंगठा तसाच.

हाताला चटका बसला तेव्हा सुटला.

आधी खरखर. मग तिचा आवाज, रडका आणि तापलेला. "आबा, सोडा की वो ते बटन! कवाधरनं तुमचंच चाललंय! मला बोलूच दीना झाले!"

"हायेस का गं?"

"हाय. आत हाय. म्हैस बी घरातच घेतली. लई बिथरून राहिली, दाराकडंच बघती."

"दार उघडू नको."

"न्हाई उघडत. तुम्ही भिऊ नका."

मी म्हणलं, "तू बोल माय. कायबी बोल. ऐकताना सेट तापत न्हाई."

ती बोलत राहिली. म्हशीचं, चुलीचं, आईचं. मधेच थांबली की अंगठा बटनाकडं वळायचा. मी सेट कानाला लावून बसलो, अंगठा बटनापासून लांब धरून.